चाप ओढणारा हात: गडचिरोलीच्या सुरुंगापासून स्वायत्त शस्त्रांपर्यंत

१/
२२ डिसेंबर २०२३. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 'प्राणघातक स्वायत्त शस्त्रप्रणाली' या विषयावरचा ठराव मतास आला. १५२ देश बाजूने, ४ विरोधात, ११ तटस्थ. विरोध करणारे चार देश होते रशिया, बेलारूस, माली आणि भारत. माणसाने चाप न ओढता यंत्रच लक्ष्य निवडून मारते, अशा शस्त्रांविषयीचा हा ठराव. विषय भविष्यातला वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलाला चांगलाच परिचित आहे: मारणारा जागेवर हजर नसताना माणूस मेला, तर त्या मृत्यूचा धनी कोण? हा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाचा आहे.

२/
प्रथम व्याख्या. स्वायत्त शस्त्राची सर्व देशांना मान्य असलेली व्याख्या अद्याप नाही. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती जी व्याख्या वापरते तिचा आशय असा: एकदा सज्ज केल्यानंतर जे शस्त्र मानवी हस्तक्षेपाशिवाय लक्ष्य निवडते आणि त्यावर बळाचा वापर करते, ते स्वायत्त. या व्याख्येत संगणक नाही, कृत्रिम बुद्धिमत्ताही नाही. शस्त्र सज्ज करणारा माणूस आणि प्रत्यक्ष आघात यांच्यामध्ये दुसरा मानवी निर्णय येतो की नाही, एवढाच निकष आहे. या निकषावर जमिनीत पुरलेला साधा भूसुरुंगही स्वायत्त शस्त्राचा प्राथमिक नमुना ठरतो. आणि सुरुंगाच्याही आधी येतो तो सापळा.

३/
चंद्रपूरच्या पूर्वेकडील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल आणि पलीकडे गडचिरोलीतील आरमोरी, देसाईगंज हा धानाचा पट्टा. जंगल बांधीला लागून. रानडुकरांचा कळप एका रात्रीत हाती आलेले पीक लोळवतो. रात्ररात्र जागल करणे प्रत्येकाला जमत नाही. मग कोणी विजेच्या तारेवर आकडा टाकतो, शेताभोवती खुंट्या ठोकून उघडी तार ओढतो आणि घरी जाऊन झोपतो. तारेला डोळे नसतात. जे स्पर्श करील ते तिचे लक्ष्य: डुक्कर, गाय, वाघ, शेजारचा शेतकरी, कधी विसरून पाय टाकणारा खुद्द मालक. या दोन जिल्ह्यांत असे वाघही मेले आहेत आणि माणसेही. तार लावणारा दरवेळी म्हणतो, मला डुक्कर मारायचे होते.

४/
ही सबब जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील जमीनदार चोरट्या शिकाऱ्यांना रोखण्यासाठी आपल्या रानात 'स्प्रिंग गन' लावत. जमिनीलगत ताणलेल्या दोरीला पाय लागला की बंदूक आपोआप सुटे. १८२५ मध्ये ब्रिस्टलजवळ एक तरुण शेजाऱ्याची भरकटलेली लांडोर परत आणण्यासाठी एका फुलबागेत शिरला आणि अशाच बंदुकीने गंभीर जखमी झाला. बागमालकाने कोणताही सूचनाफलक लावलेला नव्हता. १८२८ मध्ये न्यायालयाने मालकाला जबाबदार धरले. त्याआधीच, १८२७ मध्ये, ब्रिटिश संसदेने अशा बंदुका लावण्यास कायद्याने बंदी घातली होती; रात्री राहत्या घराचे रक्षण एवढाच अपवाद ठेवला होता. स्वतःच्या हाताने जे करण्याचा अधिकार नाही ते यंत्राकरवी करण्याचाही नाही, हे तत्त्व इथे आकाराला आले.

५/
भारतात हाच प्रश्न १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. खटला: चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य. आरोपीने आपल्या शौचालयाच्या वाटेवर परक्यांनी येऊ नये म्हणून विजेची उघडी तार लावली होती. शेजारच्या एका स्त्रीचा तिला हात लागला आणि ती मरण पावली. आरोपीचा बचाव असा की ती विनापरवानगी आली होती आणि स्वतःच्या मालमत्तेचे रक्षण करण्याचा त्याला अधिकार होता. न्यायालयाने तो फेटाळला. विनापरवानगी आत येणाऱ्याची काळजी घेण्याचे बंधन मालकावर नसेल. पण त्याला इजा व्हावी म्हणून सापळा लावण्याचा किंवा त्याच्या जिवाची पर्वा न करता तार लावण्याचा अधिकारही मालकाला नाही. शिक्षा कायम राहिली. तारेचा बळी कोण असेल हे आरोपीला ठाऊक नव्हते, तरीही तो नामानिराळा राहू शकला नाही.

६/
शेतातील तारेबाबत कायदा एवढा स्पष्ट आहे. युद्धात मात्र हीच गोष्ट धूसर होते, आणि ती कशी धूसर झाली हे सुरुंगाच्या इतिहासात दिसते. 'सुरुंग' हा शब्द संस्कृत 'सुरुङ्गा'वरून आला; तो मूळ ग्रीक 'सिरिंक्स'पासून आल्याचे अभ्यासक मानतात. अर्थ भुयार. मराठी वाचकाला परिचित असलेला सुरुंग म्हणजे १६६० चा चाकणचा. शायिस्तेखानाच्या फौजेने जवळजवळ दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर भुयार खणून, दारू भरून संग्रामदुर्गाचा बुरूज उडवला आणि फिरंगोजी नरसाळा यांना किल्ला सोडावा लागला. या सुरुंगाला वात होती. वात पेटवणारा माणूस होता. केव्हा पेटवायची हे कोणीतरी ठरवले होते, आणि समोर शत्रूची शिबंदी आहे हे त्याला माहीत होते.

७/
वात पेटवणारा माणूस या साखळीतून बाहेर पडला तो साधारण दोनशे वर्षांनी. अमेरिकन यादवी युद्धात, १८६२ मध्ये, दक्षिणेकडील सेनाधिकारी गॅब्रिएल रेन्स यांनी यॉर्कटाउनमधून माघार घेताना रस्त्यात असे गोळे पुरून ठेवले की ज्यावर पाय पडताच स्फोट व्हावा. शत्रूने याला रानटीपणा म्हटले, यात नवल नाही. लक्षणीय गोष्ट अशी की त्यांच्याच बाजूच्या जेम्स लॉन्गस्ट्रीट यांनी ही युद्धाची उचित रीत नव्हे म्हणून त्यांना मनाई केली. पाय टाकणाराच चाप ओढतो, अशा शस्त्राविषयीची अस्वस्थता त्या शस्त्राइतकीच जुनी आहे. पुढे दोन महायुद्धांत हा संकोच गळून पडला आणि सुरुंग कारखान्यांतून लाखोंनी बाहेर पडू लागले.

८/
आता गडचिरोली. १९८० मध्ये आंध्र प्रदेशात पीपल्स वॉर गटाची स्थापना झाली आणि त्याच सुमारास त्याची दलमे गोदावरी-प्राणहिता ओलांडून सिरोंचा परिसरात आली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. म्हणजे जिल्हा आणि त्यातील सशस्त्र संघर्ष जवळजवळ एकाच वयाचे. १९९० मध्ये पोलिसांनी स्थानिक तरुणांचे 'सी-६०' पथक उभारले. जंगलातील या लढाईत माओवाद्यांचे सर्वांत परिणामकारक शस्त्र ठरले ते रस्त्याखाली, मोरीखाली, पायवाटेच्या कडेला पुरलेले स्फोटक. डबा, पाइप, स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर. मिळेल त्या भांड्याचा सुरुंग. मे २०२४ मध्ये पोलिसांनी टिपागड परिसरातून काढलेल्या साठ्यातही असे कुकर होते.

९/
या सुरुंगांचे दोन प्रकार आहेत आणि सगळा वाद या दोन प्रकारांच्या मध्ये आहे. पहिल्यात स्फोटकापासून निघालेली तार झुडपात लपलेल्या माणसापर्यंत जाते. तो रस्ता पाहतो, वाहन ओळखतो, क्षण ठरवतो आणि जोडणी करतो. कृत्य निर्घृण असेल, पण त्याला कर्ता आहे. दुसऱ्या प्रकारात तारेच्या टोकाला कोणीच नसतो. दाब पडला की स्फोट. पुरणारा केव्हाच निघून गेलेला असतो. पहिल्यात निर्णय मारणाऱ्याचा असतो. दुसऱ्यात मरणाऱ्याचे पाऊलच निर्णयाची जागा घेते.

१०/
१ मे २०१९, महाराष्ट्र दिन. आदल्या रात्री कुरखेडा तालुक्यातील दादापूर येथे माओवाद्यांनी रस्त्याच्या कामावरील वाहने जाळली होती. त्या दिशेने निघालेल्या शीघ्र कृती पथकाच्या खासगी वाहनाखाली जांभुळखेड्याजवळ स्फोट झाला. १५ पोलीस आणि वाहनाचा चालक मरण पावले. अशा घटनांनी जिल्ह्यातील दैनंदिन व्यवहारच बदलून टाकले. जिथे वाहन जाऊ शकते तिथेही जवान मैलोन्मैल पायी जातात. रस्ता आधी तपासला जातो, मग त्यावरून रसद जाते. नवी मोरी बांधणारा कंत्राटदार, एसटीचा चालक, आश्रमशाळेतला शिक्षक, सर्वांनाच रस्त्याकडे संशयाने पाहण्याची सवय लागली. शस्त्र न दिसताही प्रदेशावर ताबा ठेवते, तो असा.

११/
दुसऱ्या प्रकारच्या, दाबाने फुटणाऱ्या सुरुंगांनी गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये आणि झारखंडमध्ये गेल्या दशकात गावकऱ्यांचे अनेक बळी घेतले. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला जाणारी स्त्री, मेमध्ये तेंदूपत्त्यासाठी जंगलात शिरणारे कुटुंब, गुरांमागे गेलेले पोर. सुरुंग जवानांसाठी पुरला होता, असे नंतर सांगितले जाते. शेतातील तार लावणाराही हेच सांगत होता. आदिवासींच्या नावाने लढणाऱ्या संघटनेने असे शस्त्र निवडले की जे आदिवासीला ओळखू शकत नव्हते, हा या युद्धातील मोठा नैतिक पराभव मानावा लागेल.

१२/
आंतरराष्ट्रीय कायद्याने नेमकी याच दोन प्रकारांमध्ये रेघ ओढली. १९९७ च्या ओटावा कराराने व्यक्तिविरोधी सुरुंगांवर संपूर्ण बंदी घातली, आणि व्यक्तिविरोधी सुरुंग म्हणजे माणसाच्या उपस्थितीने, जवळ येण्याने किंवा स्पर्शाने फुटणारा सुरुंग, असे ठरवले. माणूस पाहून, ठरवून फोडतो ते स्फोटक या व्याख्येत येत नाही. म्हणजे बंदी स्फोटाच्या ताकदीवर नव्हे, तर निर्णयाच्या अनुपस्थितीवर आली. करारासाठी झटणारी आंतरराष्ट्रीय मोहीम आणि तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना त्याच वर्षी शांततेचे नोबेल मिळाले. १ मार्च १९९९ रोजी करार अमलात आला. पुढे १६० हून अधिक देश त्यात सामील झाले.

१३/
भारत त्यात नाही. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तानही नाहीत. भारताचे म्हणणे असे की लांब आणि दुर्गम सीमांच्या रक्षणासाठी सुरुंग अजून लागतात. त्यांवर निर्बंध असावेत, तात्काळ बंदी नको. १९८० च्या पारंपरिक शस्त्रविषयक कराराचा सुधारित दुसरा मसुदा, ज्यात यंत्राला न सापडणाऱ्या सुरुंगांना मनाई आहे, तो मात्र भारताने स्वीकारला आहे. या भूमिकेची किंमतही दिसली. संसदेवरील हल्ल्यानंतर 'ऑपरेशन पराक्रम'मध्ये पश्चिम सीमेवर मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरले गेले. ते पेरताना व काढताना जवान आणि सीमेवरील शेतकरी दोघेही बळी पडले. दुसरीकडे, २०२५ मध्ये रशियाच्या भीतीने फिनलंड, पोलंड आणि तीन बाल्टिक देशांनी ओटावा करारातून बाहेर पडण्याचे पाऊल उचलले. भीती वाढली की सोडून दिलेले शस्त्र पुन्हा हाती घेतले जाते.

१४/
आता सुरुंगाकडून आकाशाकडे वळू. विदर्भ हा देशाच्या दारूगोळ्याचा मोठा पट्टा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, विजासन लेण्यांच्या प्राचीन भद्रावतीजवळ, चांदा आयुधनिर्माणी; भंडाऱ्याजवळ जवाहरनगर; नागपुरात अंबाझरी; वर्ध्याकडे पुलगावचे भांडार. याच पट्ट्यात, नागपूरच्या सोलर उद्योगसमूहाच्या कंपनीने 'नागास्त्र-१' तयार केले आणि जून २०२४ मध्ये १२० नगांची पहिली खेप भारतीय सैन्याला दिली. हे घिरट्या घालणारे शस्त्र. वजन सुमारे ९ किलो, स्फोटक १ किलो. माणूस नियंत्रण करीत असताना पल्ला १५ किलोमीटर, स्वायत्त पद्धतीने ३० किलोमीटर. हल्ला रद्द करता येतो. तसे केल्यास ते पॅराशूटने उतरवून पुन्हा वापरता येते. सुरुंगाकडे जे कधीच नव्हते ते इथे आहे: परतीची वाट.

१५/
इथे 'स्वायत्त' हा शब्द नीट तपासायला हवा. दिलेल्या मार्गाने आपोआप उडणे ही एक गोष्ट, कोणाला मारायचे हे स्वतः ठरवणे ही दुसरी. जाहिरातीत दोन्हींना एकच शब्द लागतो, कायद्यात लागू नये. दुसऱ्या अर्थाची उदाहरणे आधीपासून आहेत. इस्रायलचे 'हार्पी' हे शस्त्र घिरट्या घालत शत्रूच्या रडारचे संकेत शोधते आणि सापडताच त्यावर कोसळते. तेथे लक्ष्य यंत्र असते, माणूस नव्हे. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने लिबियाविषयीच्या अहवालात तुर्की बनावटीच्या 'कार्गू-२'चा उल्लेख केला. चालकाशी संपर्क नसतानाही हल्ला करता यावा, अशी आखणी केलेल्या शस्त्रांनी माघार घेणाऱ्या सैनिकांचा पाठलाग केल्याचे त्यात नोंदले होते. त्या घटनेत यंत्राने नेमके काय ठरवले यावर मतभेद आहेत. पण रडारकडून माणसाकडे जाणारी वाट उघडली आहे, हे स्पष्ट झाले.

१६/
यंत्राला माणूस ओळखता येतो का? याचे एक उत्तर चंद्रपूरमध्येच आहे. ताडोबाच्या बफर क्षेत्रातील सीतारामपेठ या गावाच्या सीमेवर कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे बसवले गेले. जंगलातून येणारा प्राणी वाघ आहे हे यंत्र ओळखते आणि इशारा पाठवते. पुढे काय करायचे हे गावकरी आणि वनकर्मचारी ठरवतात. चित्रातून आकार वेगळा काढणे आणि त्याला नाव देणे, हेच कौशल्य शस्त्रातही वापरले जाते. सीतारामपेठेत यंत्र चुकले तर एक खोटा इशारा जातो, चार माणसे उगाच सावध होतात. त्याच यंत्राला स्फोटक जोडले तर त्याच चुकीचा अर्थ बदलतो. फरक बुद्धिमत्तेत नाही, तिच्या पुढच्या पायरीवर माणूस उभा आहे की नाही यात आहे.

१७/
आणि माणूस हा वाघापेक्षा ओळखायला कठीण आहे. वाघाचे पट्टे बदलत नाहीत. मे महिन्यातील पहाट. जंगलातून एका ओळीत चाललेली वीस माणसे, पाठीवर ओझी, एखाद्याच्या खांद्यावर कुऱ्हाड. हे तेंदूपत्ता मजूर की दलम? वरून पाहणाऱ्याला आकार सारखाच दिसतो. युद्धाचा कायदा लढणारा आणि न लढणारा यांत भेद करायला सांगतो. हा भेद कपड्यात किंवा शरीरात नसतो, हेतूत आणि संदर्भात असतो. शरण येणारा आणि दबा धरणारा, दोघेही खाली वाकतात. एप्रिल २०२१ मध्ये बिजापूर जिल्ह्यात ड्रोनने बॉम्ब टाकल्याचा आरोप माओवाद्यांनी केला आणि पोलिसांनी तो नाकारला. जंगलात आकाशातून काय पडले याचाच निर्णय लागत नाही, तेथे ते कोणी ठरवून टाकले याचा निर्णय कसा लागावा?

१८/
येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजू मांडली पाहिजे. माणसाचा न्यायही काही निर्मळ नाही. जून २०१२ मध्ये बिजापूरमधील सारकेगुडा येथे रात्री जमलेल्या गावकऱ्यांवर सुरक्षा दलांनी केलेल्या गोळीबारात १७ जण ठार झाले. ते माओवादी असल्याचा पुरावा नाही, आणि जवानांनी बहुधा घाबरून गोळीबार केला, असा निष्कर्ष न्यायमूर्ती व्ही. के. अगरवाल यांच्या आयोगाने काढला. तो २०१९ मध्ये समोर आला. अमेरिकन यंत्रमानवशास्त्रज्ञ रोनाल्ड अर्किन यांचा युक्तिवाद नेमका हाच आहे: यंत्राला भीती नसते, सूड नसतो, थकवा नसतो, म्हणून ते युद्धाचे नियम माणसापेक्षा अधिक पाळू शकेल. हा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नाही.

१९/
तरीही सारकेगुडात आणखी एक गोष्ट घडली. आयोग बसला. साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली, घाबरलो होतो की नव्हतो हे विचारता आले. न्याय मिळाला असे म्हणता येणार नाही. सात वर्षे लागली. पण विचारायला समोर कोणीतरी होते. लक्ष्य निवडणाऱ्या यंत्राला कठड्यात उभे करता येत नाही. त्याला शिकवणारा अभियंता म्हणेल, मी फक्त गणित लिहिले. अधिकारी म्हणेल, मी फक्त प्रणाली सुरू केली. उत्पादक म्हणेल, यंत्र निकषांत बसत होते. शेतातील तार लावणारा एकटा होता, म्हणून १९६३ मध्ये तो सापडला. इथे तार अनेकांच्या हातून जाते आणि प्रत्येक जण नामानिराळा राहू शकतो.

२०/
याच भीतीतून जिनिव्हातील चर्चा सुरू झाली. १९८० च्या कराराखाली २०१४ पासून अनौपचारिक बैठका आणि २०१७ पासून शासकीय तज्ज्ञगट. या गटाचे पहिले अध्यक्ष भारतीय होते: राजदूत अमनदीप सिंग गिल. त्यांच्या कारकिर्दीत २०१८ मध्ये दहा मार्गदर्शक तत्त्वे ठरली, २०१९ मध्ये ती अकरा झाली. त्यांतील एक कळीचे तत्त्व असे की शस्त्राच्या वापराविषयीच्या निर्णयाची जबाबदारी माणसाकडेच राहिली पाहिजे, कारण उत्तरदायित्व यंत्राकडे सोपवता येत नाही. चेरुबिन ग्रेगरी खटल्यातील विचार जणू आंतरराष्ट्रीय भाषेत पुन्हा मांडला गेला. परंतु ही तत्त्वे आहेत, कायदा नाही; ती मोडणाऱ्याला शिक्षा नाही.

२१/
मग तत्त्वे घडवणाऱ्या भारताने २०२३ मध्ये विरोध का केला? भारताची भूमिका अशी: या विषयाचे योग्य व्यासपीठ जिनिव्हा आहे, कारण तेथे मोठ्या लष्करी शक्ती बसतात, न्यूयॉर्कमध्ये समांतर प्रक्रिया सुरू झाल्यास प्रयत्न विखुरतील, आणि बंधनकारक कराराची वेळ अद्याप आलेली नाही. यात तथ्य आहे. बलाढ्य देशांविना झालेला करार कागदावर राहू शकतो. पण जिनिव्हात निर्णय सर्वसहमतीने होतात, म्हणून एक देशही सगळ्यांना थांबवू शकतो, हेही तितकेच खरे. ओटावा करार झाला तो याच कोंडीला कंटाळलेल्या देशांनी बाहेर पडून केला म्हणून. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव अंतोनियो गुटेरेस यांनी बंधनकारक करारासाठी २०२६ ही मुदत सुचवली, ती हा इतिहास समोर असतानाच.

२२/
ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचे ज्येष्ठ नेते भूपती उर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. ज्या जिल्ह्याने साडेचार दशके हे युद्ध पाहिले त्याने त्याचा उतारही पाहिला. माणसे शरण आली. पुरलेले सुरुंग शरण येत नाहीत. युद्ध थांबल्याचा निरोप त्यांना देता येत नाही. एकेक शोधून, हाताने निकामी करावा लागतो. सज्ज करणाऱ्याच्या इच्छेपेक्षा जास्त काळ टिकणारी इच्छा, हे स्वायत्त शस्त्राचे सर्वांत भीतिदायक रूप गडचिरोलीची माती आधीच पाहून बसली आहे.

२३/
म्हणून पुढे कोणत्याही नव्या शस्त्राची बातमी वाचताना त्याच्या बुद्धिमत्तेचे कौतुक करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. लक्ष्य कोण निवडतो? सुटलेले शस्त्र कोण थांबवू शकतो? आणि चूक झाली तर कोणाला समोर उभे करता येते? विजेच्या तारेला, स्प्रिंग गनला आणि सुरुंगाला हे प्रश्न आधी विचारले गेले. प्रत्येक वेळी उत्तर मिळायला वेळ लागला आणि तोपर्यंतची किंमत बांधावरून, पायवाटेवरून, मोहाच्या झाडाखालून जाणाऱ्यांनी मोजली. यावेळी प्रश्न शस्त्राच्या आधी विचारण्याची संधी अजून गेलेली नाही.

(समाप्त)